विश्लेषण : पुणेरी पलटण पुन्हा विजेती होणार का? तीन गुणांच्या फरकात अडकलेले कोडे

प्रो कबड्डी लीगच्या गेल्या चार हंगामांत पुणेरी पलटणने तीनदा अंतिम फेरी गाठली. मात्र चषक एकदाच उंचावला. २०२५च्या १२व्या हंगामात साखळीत अव्वल राहूनही अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे नमवले. आता नजरा १३व्या हंगामाकडे आहेत. सिंधुदुर्गाचा या लीगमध्ये स्वतःचा संघ नाही. तरीही मालवण, कुडाळ, देवगडच्या गावांत रात्री मोबाइलवर कबड्डी लागते, तेव्हा ‘आपला’ संघ म्हणून मुंबई किंवा पुण्याचेच नाव घेतले जाते. त्यामुळे ‘औंदा आपला काय होतला?’ हा प्रश्न इथेही तितक्याच पोटतिडकीने विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर कशात दडले आहे, याचा हा आढावा.

पलटणची अलीकडची कामगिरी काय सांगते?

नवव्या हंगामात, १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम लढतीत जयपूर पिंक पँथर्सने पलटणला ३३-२९ असे हरवले. दहाव्या हंगामात साखळीत ९६ गुणांसह पहिले स्थान मिळवलेल्या पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात केली आणि पहिले विजेतेपद पटकावले. अकराव्या हंगामात गतविजेत्यांना पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. बाराव्या हंगामात संघ पुन्हा उसळून वर आला. १८ पैकी १३ सामने जिंकून पलटण साखळीत अव्वल ठरली, पण ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत चषक हुकला.

हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते. तिन्ही अंतिम सामन्यांत गुणांचा फरक अनुक्रमे चार, तीन आणि तीन असाच होता. कबड्डीत प्रतिस्पर्ध्याचे सातही खेळाडू बाद करून लोण चढवला की दोन अतिरिक्त गुण मिळतात. म्हणजे एक लोण आणि एक यशस्वी पकड एवढ्यावर पलटणचे तिन्ही निकाल ठरले. संघ कमकुवत आहे म्हणून हरतो असे नाही. तो सातत्याने शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतो आणि तिथे निकाल कोणत्याही बाजूला झुकू शकतो. पुढच्या हंगामाचा अंदाज बांधताना हाच मुद्दा पायाभूत मानायला हवा.

दिल्लीविरुद्ध नेमके काय चुकले?

दिल्लीने पलटणला एकाच आठवड्यात दोनदा रोखले. पहिल्या क्वालिफायरमध्ये दोन्ही संघ ३४-३४ असे बरोबरीत राहिले आणि टायब्रेकरमध्ये दिल्लीने ६-४ अशी बाजी मारली. पलटणला आणखी एक संधी होती. दुसऱ्या क्वालिफायरमध्ये तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे हरवून संघ अंतिम फेरीत आला. त्या लढतीत युवा चढाईपटू आदित्य शिंदेने तब्बल २२ गुणांची लयलूट केली.

अंतिम सामन्यात मध्यंतराला दिल्लीकडे २०-१४ अशी आघाडी होती. उत्तरार्धात पलटणने १४ गुण मिळवले, तर दिल्लीने ११. थोडक्यात, दुसरे सत्र पुण्याने जिंकले, पण पहिल्या सत्रातील सहा गुणांची तूट पूर्णपणे भरून निघाली नाही. आदित्यने या सामन्यातही दहा गुणांचा टप्पा गाठला. दिल्लीकडून नीरज नरवालने नऊ, तर महाराष्ट्राच्याच अजिंक्य पवारने सहा गुण मिळवले. अखेरच्या क्षणांत दिल्लीचा अनुभवी इराणी बचावपटू फजल अत्राचली भारी पडला. नवव्या हंगामात हाच फजल पलटणचा कर्णधार होता. कबड्डीच्या व्यावसायिक युगात कालचा आपला आज समोरच्या बाजूला उभा असतो, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

नव्या गुणपद्धतीचा फटका कोणाला?

अकराव्या हंगामापर्यंत विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक गुण मिळत असे. थोडक्यात हरलेल्या संघाच्या पदरात काही तरी पडायचे. बाराव्या हंगामात हे बदलले. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य. साखळीतही बरोबरी राहिल्यास पाच-पाच चढायांचा टायब्रेकर आणि तरीही कोंडी न फुटल्यास सुवर्ण चढाई. प्रत्येक सामन्याचा निकाल लागणारच.

चुरशीचे सामने खेळणाऱ्या पलटणसारख्या संघासाठी हा बदल दुधारी आहे. काठावरचे सामने जिंकता आले तर संघ थेट अव्वल स्थानी जातो. १२व्या हंगामात तसेच झाले. मात्र तेच सामने निसटले तर हाती काहीच उरत नाही. त्यामुळे टायब्रेकरमध्ये चढाईसाठी कोणते पाच खेळाडू पाठवायचे आणि कोणत्या क्रमाने, याची तयारी सरावातच व्हायला हवी. ही पद्धत कायम राहिली तर पाच भरवशाचे चढाईपटू असणे ही चैन नसून गरज ठरेल.

संघाची खरी ताकद कशात?

पलटणची ओळख एकाच हुकमी एक्क्यावर अवलंबून असलेला संघ अशी कधीच नव्हती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे आणि आता आदित्य शिंदे अशी चढाईपटूंची फळी या संघाने गेल्या काही वर्षांत घडवली. दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात सर्वाधिक नऊ गुण पंकज मोहितेने मिळवले होते. बाराव्या हंगामात तीच जबाबदारी आदित्यने उचलली. बचावात उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री आणि त्याच्या शेजारी मध्यरक्षक अबिनेश नादराजन ही जोडी अनेक सामने एकत्र खेळली आहे.

जोडीचे महत्त्व मैदानाच्या मापावरून समजते. पुरुषांच्या मैदानात एका संघाचा भाग साडेसहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. चढाई ३० सेकंदांची. एवढ्याशा जागेत कोपरारक्षकाने चढाईपटूचा घोटा धरला आणि मध्यरक्षकाने पाव सेकंद उशिरा धडक दिली, तर पकड सुटते आणि एकाऐवजी दोन गुण जातात. ही वेळ साधणे पैशाने विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षे एकत्र खेळूनच जमते. गावच्या संघात दोन भाऊ किंवा एकाच वाडीतले दोन मित्र कोपरा आणि मध्य सांभाळतात तेव्हा पकड का घट्ट बसते, याचे कारणही हेच.

महागडा खेळाडू घेतला की चषक मिळतो का?

आकडे तरी उलटेच सांगतात. दहाव्या हंगामात सर्वांत महागडा ठरलेला पवन सेहरावत दोन कोटी ६० लाखांहून अधिक रकमेला तेलुगू टायटन्सकडे गेला. तो संघ गुणतालिकेत शेवटचा राहिला. अकराव्या हंगामात सचिन तंवरसाठी तमिळ थलैवाजने दोन कोटी १५ लाख मोजले. संघ बाद फेरीत पोहोचला नाही. बाराव्या हंगामात इराणचा अष्टपैलू मोहम्मदरेझा शादलूई दोन कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. गुजरात पहिल्या आठांतही नव्हता.

मात्र शादलूईची गोष्ट इथेच संपत नाही. दहाव्या हंगामात पलटणने त्याला दोन कोटी ३५ लाखांना घेतले आणि चषक जिंकला. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता ठरला. म्हणजे मोठा खेळाडू निरुपयोगी असतो असे नव्हे. भोवतीची चौकट आधीच मजबूत असेल, तर तो शेवटची उणीव भरून काढतो. चौकटच नसेल, तर एकटा काही करू शकत नाही. संघाला लिलावात साधारण पाच कोटींच्या मर्यादेत सगळी मोट बांधावी लागते. त्यातील निम्मी रक्कम एकावर खर्च झाली, तर राखीव खेळाडूंच्या फळीसाठी फारसे काही उरत नाही. होडी, जाळे आणि इंजिन यांचा हिशेब एकत्र मांडणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दुखापतींचा धोका किती?

अकराव्या हंगामातील घसरणीमागे अस्लम इनामदारची गुडघ्याची दुखापत हे मोठे कारण होते. कर्णधार आणि चढाईतील मुख्य अस्त्र असलेला अस्लम हंगामाच्या मध्यातच बाहेर पडला. नेतृत्व आकाश शिंदेकडे गेले, पण संघाची लय परत आली नाही. दहाव्या हंगामात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाची जागा ऐन वेळी भरून निघणे अवघडच होते.

बाराव्या हंगामात माजी भारतीय कर्णधार अजय ठाकूरने प्रशिक्षकपद स्वीकारले. त्याआधी बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली पलटण विजेती झाली होती. ठाकूरच्या पहिल्याच वर्षी संघ अंतिम फेरीत पोहोचला, ही जमेची बाजू. आदित्य शिंदेसारखा तरुण मोक्याच्या सामन्यांत पुढे आला, हा त्याहून मोठा दिलासा. दोन वर्षांपूर्वी एक खेळाडू गेल्यावर कोसळलेला संघ आता पर्याय शोधू शकतो, एवढा फरक नक्कीच पडला आहे.

घरच्या मैदानाचे काय?

हा मुद्दा चर्चेत कमी येतो, पण महत्त्वाचा आहे. १२वा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशा चार शहरांत झाला. पुणे किंवा मुंबईत एकही सामना नव्हता. अंतिम लढत दिल्लीच्या त्यागराज संकुलात, दिल्लीच्याच प्रेक्षकांसमोर झाली. तीन गुणांच्या फरकात प्रेक्षकांचा वाटा किती, हे मोजता येत नाही. मात्र शेवटच्या मिनिटाला संपूर्ण सभागृह विरोधी संघाच्या नावाने दणाणते, तेव्हा तिसऱ्या, म्हणजे ‘करो या मरो’ चढाईला निघालेल्या २१-२२ वर्षांच्या मुलाचे पाय जड होतात, हे कोणताही खेळाडू मान्य करेल. आगामी हंगामात बालेवाडीला सामने मिळाले, तर पलटणसाठी ती मोठी जमेची बाजू ठरेल.

वेळापत्रकाची आणखी एक गुंतागुंत आहे. जपानमधील आयची-नागोया येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात आशियाई क्रीडा स्पर्धा नियोजित आहे. हांगझोऊ आशियाई स्पर्धेमुळे दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी सुरू करावा लागला होता. सुवर्णपदक विजेत्या त्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश होते. पलटणचे खेळाडू पुन्हा भारतीय संघात निवडले गेले, तर ती अभिमानाची बाब असेल. पण विश्रांती आणि दुखापतींचा हिशेब संघाला नव्याने मांडावा लागेल.

यू मुंबाची बाजू कशी?

सिंधुदुर्गातील घराघरांतून कोणी ना कोणी मुंबईत असल्याने यू मुंबाला इथे जुना पाठिंबा आहे. २६ जुलै २०१४ रोजी लीगचा पहिला सामना मुंबईतच यू मुंबा आणि जयपूर यांच्यात झाला. अनुपकुमारच्या नेतृत्वाखालील मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ मध्ये बेंगळूरु बुल्सला हरवून चषक जिंकला. त्यानंतर मात्र विजेतेपदाने हुलकावणीच दिली. बाराव्या हंगामात संघ पहिल्या आठांत आला, पण प्ले-इनमध्ये पाटणा पायरेट्सकडून हरला. चढाईपटू अजित चौहानसारखे तरुण मुंबाकडे असले, तरी सातत्याच्या निकषावर सध्या महाराष्ट्राच्या दोन संघांत पलटणचे पारडे जड आहे.

सिंधुदुर्गासाठी यात काय आहे?

कबड्डी कोकणाला टीव्हीने शिकवलेली नाही. गिरणगावात कामाला गेलेल्या कोकणी माणसाने लालबाग, परळ, वरळीतल्या मंडळांत हा खेळ जोपासला आणि सुट्टीत गावी येताना तो पुन्हा तांबड्या मातीत आणला. या खेळासाठी आयुष्य वेचलेल्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. बारावा हंगाम २९ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला, तो गणेश चतुर्थीनंतर दोनच दिवसांनी. म्हणजे चाकरमानी गावी असताना, आरत्या आणि भजने आटोपल्यावर घरोघरी मोबाइलवर पहिले सामने पाहिले गेले.

तरीही पाहणे आणि खेळणे यांत अंतर आहे. लीग मॅटवर खेळली जाते. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट पकड घेतो. मातीत घसरून केलेली घोट्याची पकड मॅटवर वेगळ्या कोनातून करावी लागते आणि अचानक वळताना गुडघ्यावर येणारा ताणही वेगळा असतो. पावसाळ्याचे चार महिने किनारपट्टीवर उघडी मैदाने चिखलात असतात. नेमका याच काळात मोठ्या शहरांतला मुलगा छताखाली मॅटवर सराव करत असतो. मालवणच्या वाडीतल्या आणि शहरातल्या मुलामध्ये गुणवत्तेचा फरक असेलच असे नाही. सरावाच्या दिवसांचा फरक मात्र असतो.

पुढे जाण्याची वाट अशक्य नाही. चिपळूण तालुक्यातील कोळकेवाडीचा शुभम शिंदे लीगमध्ये पाटणा पायरेट्सकडून खेळला. पलटणचा अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभान गावचा. जिल्हा संघ, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा आणि लीगमधील नवोदित खेळाडूंची योजना अशा पायऱ्या आहेत. पलटणने युवा संघ उभारून तिथूनच खेळाडू वर आणण्याचे धोरण ठेवले. त्यामुळे हे धोरण यशस्वी होते की फसते, याचे महत्त्व चषकापुरते राहत नाही. घडवलेल्या मुलांचा संघ जिंकला, तर इतर संघमालकही गावोगावी मुले शोधायला निघतील. विकत घेतलेल्या ताऱ्यांचा संघ जिंकत राहिला, तर शोध चार-पाच नावांभोवतीच फिरेल. तालुक्याच्या ठिकाणी छताखाली एक मॅट अंथरली गेली, तर तिचा उपयोग मात्र निकाल काहीही लागला तरी होईल.

मग आगामी हंगामाचा अंदाज काय?

पलटण पहिल्या चार संघांत असेल, असे मानायला पुरेसा आधार आहे. विजेतेपदाबद्दल मात्र चार गोष्टी पाहिल्याशिवाय बोलणे घाईचे ठरेल. पहिली, कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत चढाईपटूंची मुख्य फळी आणि उजव्या बाजूची बचावाची जोडी टिकते का. दुसरी, अस्लम तंदुरुस्त राहतो का आणि त्याच्या गैरहजेरीत आदित्यवरचा भार वाटून घेणारा आणखी एक जण उभा राहतो का. तिसरी, डाव्या कोपऱ्यावर अनुभवी बचावपटू मिळतो का. अंतिम सामन्यांत फजलसारखा एक थंड डोक्याचा माणस काय करू शकतो, हे पलटणने स्वतः सोसले आहे. आणि चौथी, सामने कुठे होतात.

या चारपैकी तीन गोष्टी मनासारख्या जुळल्या, तर गेल्या वेळचे तीन गुण भरून निघणे अवघड नाही. दोनच जुळल्या, तर पुन्हा एकदा उपांत्य किंवा अंतिम फेरीपर्यंतचा प्रवास आणि शेवटच्या मिनिटाची घालमेल. अकराव्या हंगामाने दाखवल्याप्रमाणे मुख्य फळीच मोडली, तर गतउपविजेतेपदाला किंमत उरत नाही. म्हणून लिलावाच्या दिवशी सर्वांत मोठी बोली कोणावर लागली यापेक्षा पलटणने कोणाला सोडले नाही, हे आधी पाहावे. पुढच्या हंगामाचे अर्धे उत्तर त्याच यादीत असेल.